कॉम्प्युटर इंजिनिअरिंग आणि इंटर्नशिप : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

इंजिनिअरिंग प्रवेशाचे कॅप राउंड सुरू झाले की ओळखीपाळखीतून फोन येऊ लागतात, ‘कॉम्प्युटर मिळतंय, घेऊ का?’ दोन वर्षांनी त्याच मुलांचे फोन येतात ते इंटर्नशिपसाठी. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, इंटर्नच्या मुलाखतीही घेतो. तेच तेच सांगायचं तर एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून हा मजकूर. महाराष्ट्रातल्या कॉलेजांची पद्धत डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय, त्यातही पुणे विद्यापीठाची जास्त.

कॉम्प्युटरला प्रवेश घेतला की पहिल्या दिवसापासून कोडिंग सुरू होतं का?

नाही. पहिलं वर्ष बहुतेक सगळ्या शाखांना सारखंच असतं. एम-वन, एम-टू (म्हणजे गणित एक आणि दोन), फिजिक्स, केमिस्ट्री, मेकॅनिक्स, ग्राफिक्स, बेसिक इलेक्ट्रिकल. वर्कशॉपमध्ये लोखंडाच्या तुकड्याला कानस मारत उभं राहिल्यावर ‘मी नक्की कशाला आलोय?’ असं वाटतंच. प्रोग्रॅमिंगचा एखादा विषय असतो, तेवढाच.

खरी सुरुवात दुसऱ्या वर्षी होते : डेटा स्ट्रक्चर्स, डिस्क्रीट मॅथ्स, ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग, डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स. तिसऱ्या वर्षी डीबीएमएस (डेटाबेसचा विषय), ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्क्स, थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन. चौथ्या वर्षी अल्गोरिदम, मशीन लर्निंग, इलेक्टिव्ह आणि प्रोजेक्ट. विद्यापीठाचा पॅटर्न (अभ्यासक्रम) बदलला की विषय इकडचे तिकडे होतात, गाभा तोच राहतो.

वेबसाइट कशी बनवायची, अ‍ॅप कसं काढायचं हे यात फारसं येत नाही, आणि त्यात कॉलेजची चूक नाही. फ्रेमवर्क, म्हणजे अ‍ॅप बांधायचा तयार सांगाडा, दर काही वर्षांनी बदलतं. हॅश टेबल आणि बी-ट्री या माहिती साठवायच्या रचना पन्नास वर्षांपूर्वी होत्या, आजही आहेत. फ्रेमवर्क स्वतः शिकायचं असतं, हे मात्र कोणी वर्गात उभं राहून सांगत नाही.

बारावीपर्यंत कोडिंगची एक ओळही लिहिलेली नाही. मागे पडेन का?

पहिले सहा महिने, हो. सीबीएसईतून आलेली काही मुलं पायथॉन करून आलेली असतात, त्यांना सगळं येतं असं वाटतं. दुसऱ्या वर्षाच्या मध्यापर्यंत हा फरक बहुतेक मिटतो, पण दोघंही रोज बसत असतील तरच. पहिल्या वर्षी एकच भाषा घ्या, सी किंवा पायथॉन, आणि तीच धरून ठेवा. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्स, सी, पायथॉनचे धडे मराठीतूनही फुकट आहेत. इंग्रजी माध्यमाची धास्ती असलेल्यांनी तिथून सुरुवात करायला हरकत नाही. पुढच्या विषयांसाठी आयआयटींचे ऑनलाइन कोर्स, एनपीटीईएल, आहेतच.

कॉम्प्युटर, आयटी, एआय-डीएस, सायबर सिक्युरिटी… कोणती शाखा घेऊ?

कॉलेज चांगलं असेल तर यातली कुठलीही घ्या. अभ्यासक्रम बराचसा सारखा असतो, आणि कंपन्या सहसा या सगळ्यांना एकाच रांगेत बसवतात. शाखेच्या नावासाठी चांगलं कॉलेज सोडून दुसरीकडे जाऊ नका.

गणित किती लागतं?

पास होण्यासाठी भरपूर. एम-थ्री काढताना अनेकांच्या नाकी नऊ येतात. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांना तर विशेषच, कारण एम-वन आणि एम-टू त्यांनी पाहिलेलंच नसतं. त्यांनी पहिल्या सेमिस्टरच्या आधीची सुट्टी इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशन्सवर घालवावी. रोजच्या नोकरीत लॅपलास ट्रान्सफॉर्म लागत नाही. डिस्क्रीट मॅथ्समधले ग्राफ, लॉजिक आणि मोजणी मात्र लागतात, आणि मशीन लर्निंगकडे जायचं असेल तर लिनिअर अल्जिब्रा आणि प्रोबॅबिलिटी टाळता येत नाही.

प्रॅक्टिकल, सब्मिशन, फाइल… हे सगळं कामाचं असतं का?

मला विचाराल तर चार वर्षांत सगळ्यांत मोलाची गोष्ट प्रॅक्टिकलच आहे, आणि सगळ्यांत जास्त वाया जाते तीही तीच. सेमिस्टरच्या शेवटच्या पंधरवड्यात काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. एका हुशार मुलीची फाइल वर्गभर फिरते, सिनिअर्सच्या ड्राइव्हमधून कोड येतो, आउटपुटचे स्क्रीनशॉट चिकटतात, सरांची सही होते. टर्मवर्कचे मार्क मिळतात. डोक्यात काही जात नाही.

दुसऱ्या वर्षाचं साधं असाइनमेंट घ्या : लिंक्ड लिस्टमधला (एकमेकांना जोडलेल्या नोंदींच्या साखळीतला) एक नोड, म्हणजे एक नोंद, काढून टाका. ड्राइव्हमधला कोड पहिल्या फटक्यात चालतो. स्वतः लिहायला बसलात की पहिला नोड काढताना प्रोग्रॅम ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ म्हणून मरतो. मग वहीत चौकोन आणि बाण काढायचे. लक्षात येतं की आपण आधीच्या नोडचा बाण पुढे वळवतोय, पण पहिल्याच्या आधी कुणी नाहीच, हेड (लिस्टची सुरुवात दाखवणारा बाण) हलवायला हवा. ते दुरुस्त केलं की लिस्ट रिकामी असताना पुन्हा मरतो. यात दोन तास जातात. मुलाखतीत समोरचा माणूस नेमके हेच दोन तास शोधत असतो. ‘पहिला नोड असेल तर?’ असं तो सहज विचारतो, आणि ज्याने ते चौकोन काढलेत त्याचं उत्तर वेगळं येतं.

सगळीच असाइनमेंट्स स्वतः करणं जमत नाही, हे मान्य. ग्राफिक्सच्या लॅबचं काय करायचं ते करा. डेटा स्ट्रक्चर्स आणि डीबीएमएस या दोन लॅब तरी स्वतःच्या हाताने करा.

केटी लागली (विषय राहिला) तर इंटर्नशिप गेली का?

गेली असं नाही. कॅम्पसवर भरती करणाऱ्या अनेक मोठ्या कंपन्या दहावी, बारावी आणि इंजिनिअरिंग तिन्हींत साठ टक्क्यांची अट घालतात आणि ‘लाइव्ह बॅकलॉग’, म्हणजे अजून न सुटलेला विषय, नको म्हणतात. निघालेली केटी बऱ्याच ठिकाणी चालते. छोट्या कंपन्या आणि स्टार्टअप मार्कशीट बघतच नाहीत म्हटलं तरी चालेल. इयर डाउन झालेल्यांना, म्हणजे वर्ष वाया गेलेल्यांना, मात्र ‘ते वर्ष काय केलं?’ हे विचारलं जाणारच, तेव्हा उत्तर तयार असू द्या.

लॅपटॉप कोणता घेऊ?

पहिल्या वर्षी घाई नको. घ्याल तेव्हा एसएसडी असलेला आणि १६ जीबी रॅमचा घ्या, किंवा ८ चा घेऊन वाढवता येईल असा. गेमिंग ग्राफिक्स कार्डाची अभ्यासाला गरज नाही, बाबांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. उबुंटू (लिनक्स) टाकून त्यावर काम करायची सवय लावा.

इंटर्नशिप नक्की कधी करायची असते?

दोन वेळा महत्त्वाच्या. एक, तिसरं वर्ष संपल्यावरची उन्हाळ्याची सुट्टी, साधारण दोन महिने. दुसरी, शेवटच्या सेमिस्टरची, जानेवारी ते जून, म्हणजे सहा महिने. तीच पुढे नोकरीत बदलण्याची शक्यता जास्त. इंटर्नशिपमधून मिळणाऱ्या त्या नोकरीच्या ऑफरला पीपीओ म्हणतात. फसगत होते ती तारखांत. उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपसाठी मोठ्या प्रॉडक्ट कंपन्या (स्वतःचं सॉफ्टवेअर बनवून विकणाऱ्या) आदल्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टपासून निवड सुरू करतात. म्हणजे तिसऱ्या वर्षाचं पहिलं सेमिस्टर नुकतंच लागलेलं असतं. मेमध्ये जागं झालात तर उरलेल्या छोट्या कंपन्यांकडेच जावं लागतं. तेही वाईट नाही.

दुसऱ्या वर्षी इंटर्नशिप मिळाली नाही म्हणून रडू नका. तेव्हा फार कोणी घेत नाही.

आमचं कॉलेज तालुक्याच्या गावी आहे. कंपन्या येतच नाहीत. शोधायचं कुठे?

सीओईपी, व्हीजेटीआय, पीआयसीटी अशा पुण्या-मुंबईच्या नावाजलेल्या कॉलेजांतल्या मुलांच्या दारात कंपन्या येतात, तुमच्या दारात येत नाहीत. हा फरक खरा आहे आणि तो बोलून कमी होत नाही. पण वाटा बऱ्याच आहेत.

सगळ्यांत दुर्लक्षित वाट म्हणजे तुमच्याच जिल्ह्यातल्या छोट्या कंपन्या. सांगली, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर इथे पतसंस्थांचं, दवाखान्यांचं, साखर कारखान्यांचं, दुकानांच्या बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवणारी पाच-दहा माणसांची ऑफिसं असतात. पाटी लहान असते, लिंक्डइनवर फारसं काही नसतं. तिथे मालकच कोड लिहितो आणि गिऱ्हाइकाचे फोनही घेतो. अशा ठिकाणी दोन महिने बसलात तर मार्चअखेरीला पतसंस्थेचं व्याज का जुळत नाही हे शोधताना एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) जेवढं येईल, तेवढं कुठल्या कोर्समध्ये येणार नाही. कोड जुनाट असेल, स्टायपेंड नावाला असेल. तरी जा.

दुसरी वाट ओपन सोर्सची, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरची. ‘गूगल समर ऑफ कोड’ हा त्याचा कार्यक्रम २००५ पासून चालू आहे. २०२२ पासून तिथे विद्यार्थीच असण्याची अटही नाही, वय १८ पूर्ण हवं, आणि विद्यार्थी किंवा ओपन सोर्समध्ये नवखे असायला हवं. काम घरून, मानधन देशानुसार ठरतं. प्रस्ताव साधारण मार्च-एप्रिलमध्ये द्यायचे असतात, पण निवड होते ती त्याआधी दोन-तीन महिने त्या प्रकल्पात छोट्या दुरुस्त्या करून ओळख झालेल्यांची. कॉलेज कुठलं, हे तिथे कुणी विचारत नाही. आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ या ओपन सोर्स प्रकल्पाची उन्हाळी फेलोशिपही बघा. तिथली निवड बरीचशी दिलेलं काम करून दाखवण्यावर असते.

संशोधनाची ओढ असेल तर टीआयएफआर या मुंबईच्या संशोधन संस्थेचा ‘व्हीएसआरपी’ हा उन्हाळी कार्यक्रम आहे, त्यात कॉम्प्युटर सायन्सही येतं. आयआयटीतल्या प्राध्यापकांना थेट मेल करून उन्हाळ्यात काम मागता येतं. शंभरात फार थोडे उत्तर देतात, पण देतात.

आणि सिनिअर्स. तुमच्या कॉलेजमधून चार-पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेले किती जण पुण्याच्या आयटी भागांत, हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यात आहेत ते शोधा. आपल्या कॉलेजचं नाव दिसलं की माणूस विरघळतो.

मेल लिहायचा म्हणजे काय लिहायचं?

‘आदरणीय सर, मी एक कष्टाळू आणि जिद्दी विद्यार्थी असून…’ हे नको. असले मेल उघडताच बंद होतात. इंग्रजीत लिहा, पण आशय साधारण असा असू द्या :

‘मी अमुक कॉलेजला तिसऱ्या वर्षाला आहे. तुमच्या अ‍ॅपवर पावती डाउनलोड केली की मराठी नावातली जोडाक्षरं तुटतात, असं दिसलं. पीडीएफमध्ये फॉन्ट नीट जोडला जात नाही, असा माझा अंदाज आहे. मी असाच प्रश्न माझ्या छोट्या प्रकल्पात सोडवला, त्याची लिंक खाली आहे. मे-जूनमध्ये आठ आठवडे काम करायला मिळेल का?’

पाच-सहा ओळी, एक लिंक, तारखा स्पष्ट. अंदाज चुकला तरी चालतो, तुम्ही त्यांची वस्तू वापरून पाहिली हे कळतं. आठवड्याने एकदा आठवण करा. दुसऱ्यांदा करू नका.

रेझ्युमेवर कोणते प्रोजेक्ट टाकू?

हॉस्पिटल मॅनेजमेंट, लायब्ररी मॅनेजमेंट, ई-कॉमर्स क्लोन, स्टॉक प्राइस प्रेडिक्शन. आलेल्या रेझ्युमेंत यातलं एक तरी असतंच. विषय जुना असल्याची मला अडचण नाही. अडचण पुढे येते.

समजा प्रोजेक्ट आहे बस रिझर्व्हेशनचा. मी विचारतो, ‘एकच सीट उरली आहे आणि दोघांनी एकाच क्षणी बुक दाबलं, तर?’ बहुतेक वेळा शांतता. नंतर, ‘सर, सीट रिकामी आहे का ते आम्ही आधी चेक करतो.’ पण चेक करणं आणि ‘भरली’ असं लिहिणं या दोन पायऱ्यांच्या मध्ये दुसरा घुसू शकतो. दोघांनाही सीट रिकामी दिसते, दोघांनाही तिकीट मिळतं, आणि भांडण कंडक्टरच्या गळ्यात पडतं. उपाय अवघड नाही. गाडी, तारीख आणि सीट नंबर या तिन्हींवर मिळून युनिक कन्स्ट्रेंट लावलं की दुसरी नोंद डेटाबेस स्वतःच नाकारतो. किंवा ट्रान्झॅक्शन (सगळं होईल नाहीतर काहीच नाही, असा व्यवहार) उघडून ती ओळ लॉक करायची.

गंमत अशी की हे तिसऱ्या वर्षाच्या डीबीएमएसमध्ये अख्खं युनिट म्हणून शिकवलेलं असतं. ट्रान्झॅक्शनच्या एसिड प्रॉपर्टीजचे फुल फॉर्म सगळ्यांना तोंडपाठ असतात. आपल्याच प्रोजेक्टमधल्या शेवटच्या सीटशी त्यांचा संबंध आहे, एवढंच कुणी जोडून दाखवलेलं नसतं. मी उत्तर चुकलेल्यालाही घेतो, दोन मिनिटं विचार करून ‘हो, इथे गडबड आहे’ म्हणाला तर. ‘तो भाग माझ्या पार्टनरने केला’ म्हणणाऱ्याला घेत नाही.

म्हणून प्रोजेक्ट एक-दोनच टाका, पण त्यातली प्रत्येक ओळ तुमची हवी. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर कोड हवा, चालवायचा कसा ते लिहिलेलं हवं. आणि तुमच्याखेरीज कोणीतरी तो वापरत असेल तर उत्तमच, मग ती मेसच्या हिशेबाची साधी शीट का असेना.

लीटकोड या सरावाच्या साइटवरचे किती प्रश्न सोडवायचे?

मोठ्या प्रॉडक्ट कंपन्यांकडे जायचं असेल तर त्यातून सुटका नाही. पहिली ऑनलाइन चाचणी तशीच असते. संख्या मोजू नका. अ‍ॅरे, स्ट्रिंग, हॅश मॅप, ट्री, ग्राफ, डायनॅमिक प्रोग्रॅमिंग यांतले प्रश्न उत्तर न बघता अर्धा-पाऊण तास झुंजून करा. आठवड्याने तोच प्रश्न कोऱ्या कागदावर पुन्हा करा. दुसऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करून देणाऱ्या सर्व्हिस कंपन्यांसाठी याच्या निम्म्यानेही भागतं, पण तिथे अ‍ॅप्टिट्यूडची (गणित-तर्काची) चाचणी असते आणि ती भलतीकडेच दांडी उडवते.

इंग्रजी कच्चं आहे. मुलाखतीत काय करू?

छोटी वाक्यं बोला. व्याकरण चुकलं म्हणून मी कुणाला नाकारलेलं नाही. पुण्यात अनेक मुलाखती मध्येच हिंदी-मराठीवर येतात, पण त्या भरवशावर जाऊ नका. बोलण्याहून जास्त कामाचं आहे वाचणं. सगळं डॉक्युमेंटेशन इंग्रजीत असतं. व्हिडिओ बघायच्या आधी मूळ पान वाचायची सवय लावलीत तर सहा महिन्यांत फरक दिसेल.

‘रजिस्ट्रेशन फी भरा, इंटर्नशिप पक्की’ असा मेसेज आलाय. खरा असतो का?

नाही. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. फी, डिपॉझिट, ‘ट्रेनिंग किट’, ‘सर्टिफिकेट चार्जेस’ हे सगळे एकाच माळेचे मणी. मुलाखत न घेता ऑफर लेटर, वर्गातल्या चाळीस जणांना एकाच दिवशी तेच पत्र, जीमेलच्या पत्त्यावरून आलेला एचआर, आणि काम म्हणजे कॅल्क्युलेटर व टू-डू लिस्ट बनवून लिंक्डइनवर कंपनीला टॅग करा, अशी लक्षणं दिसली की सोडून द्या. कॉलेजला क्रेडिटसाठी कागद हवा असतो म्हणून मुलं असं सर्टिफिकेट विकत घेतात, हे मला ठाऊक आहे. तो कागद कॉलेजात द्यायचा तर द्या, रेझ्युमेवर टाकू नका. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येईल.

स्टायपेंड नसेल तर करावी का?

स्टायपेंड शून्यापासून लाखाच्या घरापर्यंत असतो. घरी राहून, एक-दोन महिने, आणि शिकवणारं माणूस समोर असेल तर विनापैशाची चालेल. पुण्या-मुंबईत खोली घेऊन सहा महिने फुकट काम करू नका. तुमच्या कोडवर कंपनी कमावत असेल तर तिने निदान भाड्यापुरतं तरी द्यावं.

सरकारी इंटर्नशिप योजनांचा उपयोग होतो का?

शिकत असताना फारसा नाही, आणि इथेच मुलांचा घोळ होतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेली पंतप्रधान इंटर्नशिप योजना सुरुवातीच्या नियमांनुसार २१ ते २४ वयाच्या, पूर्णवेळ शिक्षणात नसलेल्यांसाठी होती. वर्षभर, महिना ५,००० रुपये. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही शिक्षण संपलेल्यांसाठीच आहे. दोन्हींचा विचार पदवीनंतर करा, आणि त्या वेळचे नियम पोर्टलवर बघून घ्या.

फी आणि पुण्यातला खर्च झेपेल का? (हा प्रश्न पालकांचा)

महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचे फॉर्म वेळेत भरा. दरवर्षी कितीतरी जणांची शिष्यवृत्ती उत्पन्नाच्या दाखल्यापायी अडकते. मुलगी असेल आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांत कॅपमधून घेतलेल्या प्रवेशाला शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्याला नाही. इंटर्नशिपसाठी मुलीला पुण्यात ठेवायची काळजी वाटत असेल, तर पीजी ऑफिसच्या चालत्या अंतरावर बघा. हिंजवडीचा ट्रॅफिक वाचवलेलं भाडं आणि वेळ दोन्ही खातो.

इंटर्नला करायला काय देतात?

पहिला आठवडा लॅपटॉपवर प्रोजेक्ट चालू करण्यात जातो. तो चालत नाही, आणि तसं व्हायचंच. नंतर एखादा छोटा बग, एखादं टेस्ट लिहायचं काम. तुमचा दहा ओळींचा बदल रिव्ह्यूला जातो आणि त्यावर पंधरा शेरे येतात. तो अपमान नाही, सिनिअरच्या कोडवरही येतात. अडलात तर अर्धा तास स्वतः झगडा, मग काय काय करून पाहिलं ते लिहून विचारा. दिवसभर गप्प बसून संध्याकाळी ‘होतच नव्हतं’ सांगणाऱ्या मुलांची टीमला धास्ती वाटते.

एआय कोड लिहितंय. मग कॉम्प्युटरला जाण्यात अर्थ आहे का?

२०२१-२२ ची मोठी भरती आता नाही, फ्रेशर्सना पूर्वीपेक्षा झगडावं लागतंय, हे खरं आहे. पुढच्या चार वर्षांचं खात्रीने सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मी एवढंच बघतो : साधा कोड ही साधनं पटकन लिहून देतात, आणि त्यात शेवटच्या सीटची गडबड राहून गेली तर ती ओळखायला माणूस लागतो. ऑफिसात आम्ही सगळेच ती वापरतो. पण पहिल्या दोन वर्षांची असाइनमेंट्स त्यांच्याकडून करून घेणं म्हणजे सिनिअर्सच्या ड्राइव्हचीच नवी आवृत्ती.

चौथं वर्ष संपत आलं आणि एकही इंटर्नशिप झाली नाही. आता?

बीई प्रोजेक्ट अजून हातात आहे. ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा अहवाल) छापून मोकळं होण्याऐवजी तो खरोखर चालता करा, कुणाला तरी वापरायला द्या, आणि मुलाखतीत इंटर्नशिपच्या जागी त्यावर बोला. पदवीनंतर केंद्राच्या नॅट्स पोर्टलवर एक वर्षाच्या अप्रेंटिसशिप मिळतात, त्यात कंपन्यांबरोबर सरकारी उपक्रमही असतात. दुसरा रस्ता केंद्राच्या सीडॅक संस्थेच्या, ‘पीजी-डॅक’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या पदव्युत्तर कोर्सचा. सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यायची, मग सुमारे सहा महिने सकाळपासून रात्रीपर्यंत वर्ग आणि लॅब, शेवटी कॅम्पस. पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये त्या वाटेने आलेले भरपूर लोक भेटतील. फी बरीच आहे आणि केंद्राकेंद्रांत फरक पडतो, त्यामुळे पसंतीक्रम भरायच्या आधी त्या केंद्राच्या मागच्या बॅचमधल्या दोघा-तिघांशी बोलून घ्या.